लाला, खसखस आणि बाळागोळी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

२०११ सालच्या जून महिन्यात एका कविसंमेलनाच्या निमित्ताने श्रीनगरला जाण्याचा योग आला. आम्ही मलकापूरहून निघालो तेव्हा इकडे सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागले होते. नळगंगेचे पात्र कोरडे, अंगणातली तुळससुद्धा करपलेली. संमेलन आटोपल्यावर यजमानांपैकी एक कवी आम्हाला गुलमर्गच्या वाटेवर, तंगमर्गजवळच्या आपल्या गावी जेवायला घेऊन गेले. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवरचे ते घर. मागे अक्रोडाचे झाड, हाखाच्या भाजीचे वाफे आणि दगडी कुंपणाच्या कडेने लालभडक फुलांची रांग. चार पाकळ्या, पतंगाच्या कागदासारख्या पातळ, तळाशी काळा डाग. वारा आला की अख्खी रांग थरथरायची.

मी नाव विचारले. यजमानांच्या वृद्ध आई म्हणाल्या, "गुलाला."

मित्रहो, मी जागचा हललो नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे मी उर्दू गझल वाचतो आणि मराठीत कविता लिहितो. गझलेत गुलाबाच्या खालोखाल ज्या फुलाचे नाव येते, ते म्हणजे गुल-ए-लाला. त्याच्या काळजात डाग असतो, म्हणून तो जळालेल्या प्रेमिकाचे प्रतीक. ते फूल मी कधी पाहिलेच नव्हते. आमच्या मलकापुरात लाला म्हटले की पेढीवरचा शेठ आठवतो. एका उर्दू गझलेचे मराठी रूपांतर करताना मी या शब्दापाशी तीन महिने अडलो होतो. आणि ते फूल इथे, एका म्हाताऱ्या बाईच्या परसात, कांद्याच्या वाफ्याशेजारी उभे होते!

त्यांनी गेल्या वर्षीची वाळलेली चार बोंडे कागदाच्या पुडीत बांधून दिली. बोंड हलवले की आत बी खुळखुळत होते. मोहरीपेक्षाही बारीक, काळसर. हातावर घेतले आणि लक्षात आले, हे तर खसखशीचे भाऊबंद. दिवाळीच्या अनारशावर आणि आमच्या घरच्या कुर्म्यात असते तीच खसखस. म्हणजे ज्याला आमचे शायर लाला म्हणतात ते फूल अफूच्या कुळातले. घरात दोन भाषा असल्या की असे होते. एकीत जे फूल काळजाचा डाग होऊन येते, ते दुसरीत पोलीस केस होऊन येते.

परत आल्यावर मी या फुलाच्या मागे लागलो. आज जे सांगणार आहे ते त्या शोधातले.

आधी नाव. फारसीत 'लाला' हा शब्द एकाच फुलाला बांधलेला नाही. डोंगरउतारावर वसंतात फुलणारे लाल, पेल्याच्या आकाराचे कोणतेही रानफूल म्हणजे लाला. त्यात ट्युलिप आले आणि रानटी खसखसही आली. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या पायथ्याला फुलणाऱ्या लालांची गणती करवल्याचे लिहिले आहे. बत्तीस की तेहतीस प्रकार भरले. सूफींना हा शब्द आणखी एका कारणाने प्रिय. अरबी अक्षरांना अंकमूल्ये असतात. त्या हिशेबाने 'लाला' आणि 'अल्ला' या दोन्ही शब्दांची बेरीज सहासष्टच येते. इकबालांनी 'पयाम-ए-मश्रिक' या १९२३ च्या संग्रहातल्या रुबायांच्या भागाला 'लाला-ए-तूर' असे नाव दिले. श्रीनगरात ट्युलिपची मोठी बाग झाली, तीही बाग-ए-गुल-ए-लाला म्हणून ओळखली जाते. सरकारी लाला ट्युलिप, तर आजीबाईंचा गुलाला म्हणजे रानखसखस. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

काश्मीरच्या फुलांना इतिहासात आणले ते जहांगीर बादशहाने. १६२० च्या वसंतात तो काश्मिरात होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथल्या फुलांची मोजदाद होणे शक्य नाही आणि उस्ताद मन्सूरने रंगवलेल्या फुलांची संख्या शंभरावर आहे. त्या शंभरांपैकी आज फारच थोडी चित्रे उरली आहेत. त्यातले लाल ट्युलिपचे चित्र अलीगढ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. जहांगिराची नजर मोठी विलक्षण होती. पक्षी मेला तर तो चिरून आत काय आहे ते पाहणारा हा माणूस. घरांच्या मातीच्या छपरांवर लोक लाला लावतात, ही गोष्टही त्याने टिपली आहे.

पण हाच जहांगीर दुसरेही लिहितो, आणि तितक्याच शांतपणे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आपण रोज किती अफू खातो याचा हिशेब त्याने दिला आहे. दिवसाच्या पाच घटका गेल्यावर आठ गुंजा आणि रात्रीचा एक प्रहर उलटल्यावर सहा. चौदा गुंजा म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. सवय नसलेल्या माणसाला ती जिवावर बेतेल. १६१८ साली त्याचा एक निकटचा सेवक इनायत खान अफू आणि दारूने पार खंगून गेला. घरी जाण्याची परवानगी मागायला त्याला पालखीतून दरबारात आणले. हाडांवर कातडे तेवढे उरलेले. जहांगिराला आश्चर्य वाटले आणि त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले. लोडांना टेकलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा तो माणूस आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, आणि त्याचे रेखाटन बॉस्टनला. फुलाचे चित्र आणि फुलाने खाल्लेल्या माणसाचे चित्र, दोन्ही एकाच दरबारात दीड-दोन वर्षांच्या अंतराने तयार झाली. मला बादशहाचा राग येत नाही. पण ज्या थंडपणाने त्याने मरणाऱ्या माणसासमोर कागद मांडायला लावला, तो मात्र मनातून जात नाही.

हे सगळे आपल्यापासून दूरचे आहे असे समजू नका. मलकापूरहून बऱ्हाणपूर मोटारीने दीड-दोन तासांवर. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त मलकापूरचे नाव वऱ्हाड सुभ्याच्या नरनाळा सरकारातला परगणा म्हणून आहे. जहांगिराचे दोन्ही भाऊ, मुराद आणि दानियाल, आपल्या या दख्खनमध्येच व्यसनापायी संपले. मुराद १५९९ साली मोहिमेवर असताना, दानियाल काही वर्षांनी बऱ्हाणपुरात. त्या दोघांचे व्यसन मुख्यतः दारूचे. दानियालवर पहारा होता, तर त्याच्या माणसांनी बंदुकीच्या नळीतून दारू पोचवली. १६३१ साली मुमताज महल बऱ्हाणपुरातच वारली. पुढे मोगली कापडावर, कमरपट्ट्यांवर, तंबूंच्या पडद्यांवर एकेका लाल फुलझाडाची नक्षी आली. त्यात खसखशीचे फूल वारंवार दिसते. असे काही रंगवलेले सुती पडदे बऱ्हाणपूरचे मानले जातात. म्हणजे डोंगरातली बाग कापडावर बसून तापीकाठी उतरली म्हणायची.

'आईन-ए-अकबरी'तले एक वाक्य मात्र मला फार दिवस सलत राहिले. माळवा सुभ्याचे वर्णन करताना अबुल फजल सांगतो की इथले लहानथोर सगळेच आपल्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत अफू देतात. लिहिताना त्याला नवल वाटल्यासारखे दिसते. ते का सलले, ते पुढे सांगतो.

माळव्यातली अफूची शेती जुनी. खरीप निघाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, जानेवारी-फेब्रुवारीत फुले, बहुतेक पांढरी. पाकळ्या गळून बोंड भरले की दुपारी त्याला नश्तराने चिरा द्यायच्या. रात्रभर चीक पाझरतो, वाऱ्याने तपकिरी होतो, सकाळी खरवडून घ्यायचा. ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल-बिहारची अफू स्वतःच्या मुठीत ठेवता आली, पण माळव्याची नाही. कारण माळवा होता शिंदे-होळकरांचा. इथे आमच्या मलकापूरचा संबंध पुन्हा येतो. १८०३ साली दौलतराव शिंद्यांची छावणी मलकापूरजवळ पडली होती. ३ ऑगस्टला इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स ती छावणी सोडून निघाला आणि युद्ध सुरू झाले. पुढे असई, आडगाव, गाविलगड. त्या युद्धात शिंद्यांनी बरेच गमावले, तरी माळव्यातली अफू कंपनीच्या हाती आली नाही. ती खानदेशातून, गुजरातेतून, राजस्थानातून वाट काढत समुद्राला आणि तिथून चीनला जात राहिली. कंपनीने बंदी घातली, मग स्वतःच खरेदी करून पाहिली. शेवटी हात टेकले आणि १८३० च्या सुमारास परवान्याची पद्धत आणली. पेटी मुंबई बंदरात न्यायची तर पेटीमागे १७५ रुपये भरा. एक पेटी साधारण चौसष्ट किलोंची. १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट बंद केल्यावर हा कर चारच वर्षांत ४०० रुपयांवर नेला. माल आपला नाही, पिकवला दुसऱ्याने, खाणार तिसरा, आणि तिजोरी भरते आपली!

मुंबई या व्यापारावर उभी राहिली, कापसावर आणि अफूवर. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यातले सर्वांत मोठे नाव. १८४५ साली त्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उघडले. माझा स्वतःचा एक डोळा तिथल्याच डॉक्टरांनी वाचवला आहे, त्यामुळे या विषयावर मी फार शहाणपणा करत नाही. चीनला जाणारी अफू १९०७ च्या करारानंतर कमी होत होत १९१३ च्या सुमारास थांबली. देशातली विक्री मात्र चालूच होती. १८७८ च्या कायद्याखाली सरकारी परवान्याची दुकाने होती आणि त्यांतून कोणीही थोडी अफू विकत घेऊ शके.

आता माझ्या घरातली गोष्ट.

१९९० साल असेल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वयात सगळेच क्रांतिकारक असतात, तसा मीही होतो. एका दुपारी अब्बांशी वाद घालताना मी मार्क्सचे ते वाक्य फेकले, धर्म म्हणजे अफूची गोळी. अब्बा रागावले, उठून बाहेर गेले. दादी कोपऱ्यात पानदान घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अफीम की गोली देखी है तूने कभी?"

मी म्हटले, नाही.

"मैंने देखी है."

मग तिने जे सांगितले, ते आयुष्यात एकदाच सांगितले. लग्न झाल्यावर ती जिनात कामाला जायची. मलकापुरात तेव्हा कापसाच्या जिन आणि प्रेस जोरात होत्या. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. बाया यंत्राच्या तोंडाशी कापूस टाकत बसायच्या. हवेत रुईचे तंतू इतके, की संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. तान्ही मुले शेडच्या कोपऱ्यात बारदानावर निजवलेली. मूल रडले आणि बाई उठली तर मजुरी कापली जायची. म्हणून बाया सकाळीच मुलाला गोळी द्यायच्या. मुगाच्या दाण्याहूनही लहान, आईच्या दुधात उगाळून. बाळागोळी. सगळ्याच द्यायच्या, हिंदू, मुसलमान, बौद्ध. कोणाला त्यात वावगे वाटत नसे. मुंबईच्या गिरण्यांतही हेच चालत होते, हे मला पुढे वाचून कळले. दादीला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तिचा पहिला मुलगा सात महिन्यांचा होता. अब्बांच्या आधीचा. त्या दिवशी त्याला थोडा ताप होता म्हणून तिने त्याला घरी सासूपाशी ठेवले आणि निघताना गोळी दिली. दुपारी मूल कुरकुरले. सासूला वाटले, आज सून गोळी द्यायची विसरली. तिने आणखी एक दिली. दादी संध्याकाळी घरी आली तेव्हा मूल झोपलेलेच होते. तिला वाटले, बरे झाले, तापात झोप लागली. तिने हातपाय धुतले, चूल पेटवली, भाकरी टाकल्या. मग त्याला पाजायला उचलले.

"मैं रोटियां डाल रही थी," एवढेच ती दोनदा म्हणाली.

सासूने तिला काही विचारले नाही, तिने सासूला काही विचारले नाही. दोघी त्यानंतर तीस वर्षे एका चुलीवर जेवल्या. अब्बांना आपल्याला मोठा भाऊ होता हे माहीत होते. तो कशाने गेला, ते माहीत नव्हते. दादीने मलाही बजावले, बापाला सांगू नकोस. दादी १९९६ मध्ये वारली, अब्बा २०१० मध्ये. आज सांगायला हरकत नाही असे वाटते.

अबुल फजलचे ते वाक्य मला का सलले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. चारशे वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलेली सवय माझ्या दादीच्या कमरेच्या बटव्यात होती. आणि ती का, याचे उत्तर तिच्या गरिबीत जितके आहे तितकेच जिनाच्या भोंग्यात आहे. कापूस आणि अफू ही मुंबई बंदरातली जोडी आमच्या घरात अशी येऊन भेटली. मूल झोपलेले असल्याशिवाय कापूस पिंजला जात नव्हता.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत बंद करायचे ठरले आणि १९५९ मध्ये दुकाने बंद झाली. आज अफूची शेती केंद्र सरकारच्या परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच होते. महाराष्ट्रात तिला परवानगी नाही. १९८५ च्या कायद्याची शिक्षा कडक आहे. खसखस मात्र किराणा दुकानात मिळते आणि बरीचशी तुर्कस्तानातून येते. तीही सगळीकडे चालत नाही. आमच्या नात्यातल्या एक खाला हजला निघाल्या, तेव्हा शिबिरात सांगितले की सामानात खसखस नको. त्या बिचाऱ्या चक्रावल्या. "कुर्म्यात घालतो ती?" हो, तीच.

आणि माझी ती काश्मिरी पुडी? मी पहिला मूर्खपणा असा केला की घरी आल्याबरोबर अर्धे बी मलकापुरात पेरले. जुलैच्या पावसात ते सडून गेले. मग एका जाणत्या माळ्याने समजावले. हे थंडीचे झाड. काश्मिरात बी शरदात गळते, बर्फाखाली पडून राहते आणि बर्फ वितळले की उगवते. म्हणून तिथे ते उन्हाळ्याच्या बागेत फुलते. तिथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. नोव्हेंबरात पेरा, वाळूत मिसळून वरच्यावर टाका, मातीत गाडू नका. आणि रोप उपटून दुसरीकडे लावू नका, याचे सोटमूळ दुखावले की झाड जाते.

माझी फुफी बुलढाण्याला राहते. आमच्या मलकापूर स्टेशनावर उतरून घाट चढला की बुलढाणा. इंग्रजांनी थंड हवा पाहूनच तिथे जिल्ह्याचे ठाणे केले. उरलेले बी २०११ च्या नोव्हेंबरात तिच्या परसात टाकले. फुफीला मी एवढेच सांगितले की काश्मीरची फुले आहेत. रोपे हरभऱ्याएवढी झाली, मग गुडघ्याएवढी. मान खाली घातलेल्या केसाळ कळ्या आल्या आणि फेब्रुवारीत एके सकाळी फुफीचा फोन आला, "अरे, आग लगी है आंगन में."

नेमक्या त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या अफूच्या शेतांवर पोलिसांनी धाडी घातल्या. शेतकरी म्हणत होते, आम्ही खसखस लावली. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. फुफीच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. ते हातात पेपर घेऊनच कुंपणाशी आले. "काकू, हे काय लावलं हो तुम्ही?"

मी धावत बुलढाण्याला गेलो. त्यांना झाडे दाखवून फरक समजावला. अफूचे पान गुळगुळीत, राखाडी-हिरवे, देठ नसलेले, खोडाला मिठी मारून बसलेले. बोंड लिंबाएवढे. आमच्या झाडाचे पान कातरलेले, खोडावर केस, बोंड बोराएवढेसुद्धा नाही. चीर दिली तरी त्यातून अफू मिळत नाही. हवालदारसाहेब चष्मा लावून खाली बसले, खोडावरून बोट फिरवले, पेपरातल्या फोटोशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "हे वेगळं आहे." मग जरा थांबून, "पण दिसतं मात्र लय भारी." दोन रोपे मागून घेतली. मी सोटमुळाचे सांगितले, तरी नेली. अर्थातच मेली.

फुफीने मात्र हे सगळे ऐकले होते. अफू हा शब्द ऐकून ती काही बोलली नाही. मी दादीची गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. दादीने तिला सांगितली होती की नाही, हे मी विचारले नाही. फुले एक-दोन दिवस टिकायची, दुपारच्या वाऱ्यात पाकळ्या झडायच्या. मार्चमध्ये झाडे वाळली. मी बोंडे काढून ओट्यावर पसरली होती. फुफीचा नातू तेव्हा वर्षाचा असेल. रांगत आला, एक बोंड उचलले, कानाशी हलवले. ते खुळखुळ्यासारखे वाजले आणि तो खुदकन हसला. फुफी आतून आली. तिने त्याच्या मुठीतून ते बोंड हळूच सोडवून घेतले, ओट्यावरची बाकीचीही पदरात गोळा केली आणि चुलीत टाकली. मग नातवाला उचलून मांडीवर घेऊन बसली. तो तासभर रडत होता. तिने त्याला रडू दिले.

गझलेच्या रूपांतरात मी 'लाला' हाच शब्द ठेवला आहे. खाली टीप दिलेली नाही.